परिवर्तन कोणाचे?

कथा-नाटकांतील पात्रांच्या परिवर्तनाचा विचार करताना आम्हां धर्मगुरूंच्या हातून एक चूक वारंवार घडते. उधळ्या पुत्राचा दाखला आमच्या इतका अंगवळणी पडला आहे की, प्रत्येक परिवर्तनात आम्ही पश्चात्तापच शोधतो. परंतु त्या पुत्राला परतण्यासाठी घर होते. ज्याला घरच नाकारले गेले आहे, त्या पात्राचे काय?

आम्ही हे इच्छापोर येथून लिहीत आहोत. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावी कामधंद्यासाठी दूरदूरची माणसे येतात. नवख्याला काम मिळाले तरी खोली मिळतेच असे नाही. दारात आधी आडनाव विचारले जाते. याच सुरतेच्या उधना भागात बाबूराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घडते. याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला.

रेल्वेत नोकरी लागलेला कथानायक मोठ्या उमेदीने येतो. जात विचारली जाताच तो उत्तर टाळतो. त्याच्या कवित्वामुळे रामचरण तिवारी त्याला मान देतो. पुढे जात उघडकीस येते आणि त्याला मारहाण होते. त्याला सोडवतो तो काशीनाथ, ज्याने आपली जात कधीच लपविली नव्हती.

यात नायक कोठे बदलला? त्याची विद्या तीच, वाणी तीच. बदलली ती भोवतालची माणसे, आणि तीही एका शब्दाने! बागुलांचे सामर्थ्य येथे आहे. आपलेपणा मिळविण्यासाठी नायकाने बदलावे, ही वाचकाची अपेक्षाच ते उलटी करतात.

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) नाटकातील ज्योतीचे तसे नाही. तिला भरले घर आहे. दलित कवी अरुण आठवले याच्याशी विवाह करून, त्याचा छळ सोसूनही, ती अखेरीस त्याचेच घर आपले मानते. तिचे परिवर्तन खरे आहे. पण वडिलांच्या ध्येयवादाची किंमत मुलगी मोजते. अरुणला मात्र नाटककार बदलण्याची वाट ठेवत नाही. आमच्या मते ही या नाटकाची मोठी उणीव होय.

कोणी म्हणेल, प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी पेत्रानेही ओळख लपविली, आणि तो रडला. खरे आहे. परंतु ज्याने आपले म्हटले, त्यालाच पेत्राने नाकारले होते. बागुलांच्या नायकाने कोणाचा विश्वासघात केला? दोघांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय ठरेल.

आमच्या धर्मग्रामांतही नवागताचे मूळ गाव व आडनाव विचारले जाते. ते नेहमी दप्तरासाठीच असते, असे आम्हांला म्हणवत नाही. म्हणून धर्मशिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे : ही कथा वर्गात अवश्य वाचावी, मात्र ‘नायकाने जात लपविणे योग्य होते काय?’ हा प्रश्न आधी विचारू नये. आधी विचारावे : आपल्या दारी आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो?