सहा पानांची पंगत

एखाद्या कलाकृतीस पारितोषिक मिळाले म्हणजे तिच्या गुणावगुणांची चर्चा होते. ती पारितोषिकाच्या पंक्तीस कोणत्या अधिकाराने बसली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात गेली काही वर्षे नेमका हाच प्रश्न नोव्हेंबर उजाडला की उपस्थित होतो. ‘द गेम अवॉर्ड्स’ हा सोहळा जेफ कीली यांनी २०१४ साली सुरू केला आणि आज त्याचा दबदबा मोठा आहे. शंभरांहून अधिक प्रकाशनांचे परीक्षक नामनिर्देशने करतात. अंतिम निर्णयात परीक्षकांचे वजन नव्वद टक्के आणि सामान्य खेळाडूंचे दहा टक्के धरले जाते. वर्षातील सर्वोत्तम खेळासाठी अलीकडे सहा पाने मांडली जातात. सहा पानांच्या पंगतीत एक पान चुकीच्या माणसासमोर वाढले गेले, तर सातवा दारातूनच परत जातो. आम्हास काळजी आहे ती ह्या सातव्याची.

व्हिडिओ गेम ही कला आहे की नाही, ह्या वादात आम्ही शिरत नाही. ज्या वस्तूत चित्र, संगीत, कथा आणि नियम एकत्र नांदतात आणि खेळणाऱ्याच्या कृतीवाचून जी पुरी होत नाही, तिची परीक्षा करावी की नाही याविषयी शंका घेण्याचे दिवस गेले.

२०२४ सालच्या यादीत ‘एल्डन रिंग : शॅडो ऑफ द एर्डट्री’ हे नाव आले आणि वादास तोंड फुटले. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखालील मूळ ‘एल्डन रिंग’ हा खेळ २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याने सर्वोच्च पारितोषिक मिळविले. २०२४ च्या जूनमध्ये आली ती त्याची पुरवणी. ही पुरवणी लहानसहान नव्हे. कित्येक स्वतंत्र खेळांहून तिचा पसारा मोठा आहे आणि तिची रचना भव्य आहे, हे तिच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही. आक्षेप गुणाविषयी नसून अस्तित्वाविषयी आहे. मूळ खेळ विकत घेतल्यावाचून ती चालत नाही. एवढेच नव्हे, तर मूळ खेळातील राडान आणि मोग ह्या दोन बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांस हरविल्याखेरीज तिचे दारही उघडत नाही. जी कृती दुसऱ्या कृतीच्या अंगणातून गेल्यावाचून गाठता येत नाही, तिला ‘वर्षातील खेळ’ म्हणावे काय? आमच्या मते, म्हणू नये.

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की नियमच तसा आहे : पुरवण्या, नव्या सजावटीने आलेले जुने खेळ, इतकेच काय, चालू खेळांचे नवे हंगामही, परीक्षकांस त्यातील कर्तृत्व योग्य वाटल्यास, कोणत्याही विभागास पात्र आहेत, असे आयोजकांनी त्या नोव्हेंबरात स्पष्ट केले होते. परंतु ‘योग्य वाटल्यास’ हा नियम नव्हे, तो विवेकाधिकार होय. आणि ज्या विवेकाधिकारास कसोटी नाही व कारणे देण्याचे बंधन नाही, त्याकडे कायद्याच्या अभ्यासकाने संशयाने पाहिले तर त्यास दोष देऊ नये. दुसरे उत्तर पूर्वोदाहरणाचे. ‘द विचर ३’ ह्या खेळाने २०१५ चे सर्वोच्च पारितोषिक घेतले, आणि २०१६ साली त्याच्याच ‘ब्लड अँड वाइन’ ह्या पुरवणीस भूमिकाप्रधान खेळांच्या विभागात पारितोषिक मिळाले. उदाहरण खरे आहे, पण ते लागू पडत नाही. एका प्रकारातील कौशल्यापुरता तो गौरव होता. संपूर्ण वर्षाचा मुकुट नव्हता. ‘एर्डट्री’स कला-दिग्दर्शनाच्या वा भूमिकाप्रधान खेळांच्या विभागात बसविण्यास आमची हरकत नसती.

त्याच यादीतील ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’वरही कोणी बोट ठेवतात, कारण १९९७ च्या खेळाच्या नव्या कथनाचा तो दुसरा भाग आहे. येथे आम्ही आक्षेपकांच्या बाजूचे नाही. जुनी कथा नव्याने सांगणे हा आपल्याकडे कधीच गुन्हा मानला गेला नाही. तसे असते तर आपली निम्मी रंगभूमी बंद पडली असती. तो खेळ एकटा घेता येतो, एकटा खेळता येतो. तेवढे पुरे.

आणि ‘बालाट्रो’? आमच्या दृष्टीने त्या सहांत सर्वांत निर्विवाद पान त्याचेच. एका कॅनेडियन माणसाने, टोपणनावाआड राहून, जवळजवळ एकट्याने हा पत्त्यांचा खेळ रचला. संगीत तेवढे दुसऱ्याकडून करून घेतले. पोकरमधील जोड्या व अनुक्रम लावून गुण मिळवावयाचे, आणि दीडशे प्रकारच्या विदूषकांपैकी जे हाती लागतील त्यांच्या साह्याने ते गुण शतपट करावयाचे, एवढीच कल्पना. परंतु प्रत्येक विदूषक आधीच्या हिशेबाचा अर्थ बदलतो, आणि खेळणारा गणित करता करता लोभात कसा शिरला हे त्याचे त्यालाच कळत नाही. सर्वोच्च पारितोषिक ‘ॲस्ट्रो बॉट’ने नेले, त्याविषयी आमची तक्रार नाही.

‘बालाट्रो’ची एक उपकथा मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. युरोपातील वयोमर्यादा ठरविणाऱ्या ‘पेगी’ ह्या संस्थेने ह्या खेळास आधी तीन वर्षांवरील मुलांसाठी योग्य ठरविले, आणि मग २०२४ सालीच, पोकर शिकविणारा म्हणून, एकदम अठरा वर्षांची अट घातली. ह्या खेळात पैजेला एक पैसाही लागत नाही. मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंचे दिवे रोज पाहणाऱ्या वाचकास पत्ते आणि जुगार यांतील भेद आम्ही समजावून सांगावा असे नाही. प्रकाशकाने अपील केले. तक्रार मंडळाने खेळातील अद्भुत, कल्पित अंगाचा विचार केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मर्यादा बारा वर्षांवर आणली. निर्णय चुकला, अपील झाले, कारण देऊन तो सुधारला गेला. ही साधी व्यवस्था पारितोषिकांच्या जगात का नसावी?

तिची गरज सर्वाधिक भासते ती ‘स्वतंत्र खेळ’ ह्या विभागात. २०२३ साली ‘डेव्ह द डायव्हर’ ह्या विभागात बसला. ठिपक्यांची जुन्या धर्तीची चित्रे पाहून परीक्षक फसले असावेत, कारण तो घडविणारी मिंटरॉकेट ही नेक्सॉन ह्या बड्या कोरियन कंपनीचीच शाखा होती. पारितोषिक ‘सी ऑफ स्टार्स’ला गेले म्हणून प्रकरण निभावले. स्वतंत्र म्हणजे काय, हे परीक्षकांनीच ठरवावे, अशी आयोजकांची भूमिका राहिली. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत हौशी आणि व्यावसायिक यांची निरनिराळी सोय आहे. सीमारेषेवर भांडणे होत नाहीत असे नव्हे, पण भांडण्यास रेषा तरी आहे. हौशी आणि स्वतंत्र हे एकच नव्हेत, हे आम्हास मान्य. तथापि जत्रेच्या रात्री नाटक उभे करणाऱ्या मंडळीस मुंबईच्या नाट्यसंस्थेसमोर उभे केले, तर निकालाआधीच अन्याय झालेला असतो.

२०२५ सालचा ‘क्लेर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३’ हा ह्या प्रश्नाचा सर्वांत अवघड दाखला. फ्रान्समधील मॉंपेलिए येथील सँडफॉल ह्या नव्या संस्थेचा हा पहिलाच खेळ. दरवर्षी एक चित्रकर्ती शिलेवर एक आकडा रंगविते आणि त्या वयाची माणसे धूर होऊन विरतात, ह्या एका कल्पनेत मृत्यूची जी शिस्तबद्ध भीती आहे ती विसरणे कठीण. लढाई पाळीपाळीने चालते, तरी शत्रूच्या पाळीतही क्षण साधून वार चुकवावा लागतो, म्हणून लक्ष ढळू देता येत नाही. विविध स्थळी वाट दाखविणारा नकाशा नाही, हा दोष. पण सर्वोत्तम खेळाचे पारितोषिक त्याला मिळाले ते आम्हास न्याय्य वाटते. सर्वोत्तम स्वतंत्र खेळ आणि पहिलाच स्वतंत्र खेळ, हे दोन्ही मानही त्यालाच मिळाले, हे न्याय्य वाटत नाही. तीसेक माणसांचा मूळ गट लहान खरा; पण प्रकाशक केप्लर यांचे पाठबळ, बाहेरून करून घेतलेले काम, आणि चार्ली कॉक्स व अँडी सर्किस यांच्यासारख्या नटांचे आवाज यांची बेरीज केली म्हणजे ‘स्वतंत्र’ हा शब्द ताणून ताणून विरतो.

ह्याच विभागात एक घटना अशी घडली की तिची नोंद व्हावी. ‘मेगाबाँक’ ह्या खेळाच्या कर्त्याने पदार्पणाच्या विभागातील आपले नामनिर्देशन स्वतःहून परत केले. दुसऱ्या नावांनी आपण पूर्वी खेळ केले आहेत, तेव्हा हे पदार्पण नव्हे, असे त्याने सांगितले. परीक्षकांना जी व्याख्या सापडली नाही ती एका एकाकी कारागिराला सापडली!

आणि डिसेंबरातच, स्वतंत्र खेळांसाठीच असलेल्या ‘इंडी गेम अवॉर्ड्स’ ह्या निराळ्या संस्थेने ‘क्लेर ऑब्स्क्यूर’ला दिलेले दोन मान दोनच दिवसांत काढून घेतले. कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्मिलेली चित्रे वापरू नयेत हा नियम तेथे आधीपासून लिहिलेला होता. खेळात अशी काही तात्पुरती चित्रे राहून गेली होती व ती प्रसिद्धीनंतर लवकरच बदलण्यात आली होती. शिक्षा अपराधाच्या मानाने कठोर झाली असे आम्हास वाटते. पण नियम लिहिलेला होता, तो वाचता येत होता, आणि का काढले ते सांगितले गेले. काढून घेतलेल्या मानांपैकी वर्षाचा मान ‘ब्लू प्रिन्स’कडे गेला. पंचेचाळीस खोल्यांच्या वाड्यात रोज नवी मांडणी करीत शेहेचाळिसावी खोली शोधण्याचा हा खेळ मुख्यतः टोंडा रॉस ह्या एका माणसाने सुमारे आठ वर्षे खपून घडविला. आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो ‘क्लेर ऑब्स्क्यूर’च्या शेजारी, दोन्ही विभागांत, रिकाम्या हाताने बसला होता.