डेपोतले कुरुक्षेत्र

ग्लासगोला भाचा असतो म्हणून गेलो. एरवी बँकेच्या एल.टी.सी.त ग्लासगो बसत नाही! आधी त्याने नदीकाठचे तीन हजार खुर्च्यांचे 'आर्माडिलो' दाखवले. खवल्या मांजर अंग मुडपून बसल्यासारखे. छान आहे, बाहेरूनच पोट भरते.

'ट्रामवे'त मात्र मी अडकलो. हा १८९३ चा ट्रामचा डेपो. पाडायलाच निघाले होते. (आमच्या बँकेत याला डेड स्टॉक म्हणतात.) १९८८ त पीटर ब्रूकने इथे नऊ तासांचे 'महाभारत' केले आणि डेपोचे नाट्यगृह झाले. द्रौपदी आपली मल्लिका साराभाई, बाकी कौरव-पांडव देशोदेशीचे. उघड्या विटा, जमिनीत अजून रूळ. कुरुक्षेत्राला झुंबर कशाला हवे?

आमच्या गावच्या नाट्यगृहाला दर निवडणुकीआधी रंग लागतो. आवाज काही चौथ्या रांगेपलीकडे जात नाही.

"मामा, चला, कॉफी घेऊ."

मी रुळावरून हललो नाही.