राकीतिन गेला, तुर्गेनेव्ह राहिला

इव्हान तुर्गेनेव्हचे नाव निघाले की त्याच्या कादंबऱ्यांआधी पोलीन व्हियार्दोची गोष्ट सांगणारे रसिक मला पुष्कळ भेटतात. १८४३ साली सेंट पीटर्सबर्गच्या ऑपेरात त्याने तिचे गाणे ऐकले. तेव्हा तो पंचविशीचा, ती बावीस वर्षांची आणि विवाहित. पुढे १८८३ मध्ये पॅरिसजवळ बूझिव्हाल येथे डोळे मिटेपर्यंत तो त्या घराला धरूनच राहिला. या भक्तीपायी लेखकाचे पाणी उतरले, असे मानणाऱ्यांचा एक पक्ष आहे. मला ते पटत नाही. आणि माझी साक्ष आहे त्याचेच नाटक, ‘खेड्यातील एक महिना’. १८५० मध्ये लिहून झालेले हे नाटक रंगभूमीवर यायला १८७२ उजाडले.

नाताल्या ही जमीनदाराची पत्नी. राकीतिन हा घरोब्याचा मित्र, तिच्यावर जीव लावून बसलेला. तिचे मन मात्र मुलाच्या तरुण शिक्षकाकडे ओढ घेते. असा प्रसंग हाती आला की सामान्य नाटककार नवऱ्याला मूर्ख तरी करतो, नाहीतर राक्षस तरी. तुर्गेनेव्हचा इस्लायेव्ह कामसू आणि सरळ आहे. मित्राचे आपल्या पत्नीवर प्रेम आहे असे कळल्यावरही त्याची सभ्यता सुटत नाही. पोलीनचा पती लुई तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा. तुर्गेनेव्ह त्याच्याबरोबर शिकारीला जाई. रशियन साहित्य फ्रेंचमध्ये नेण्याचे कामही दोघांनी मिळून केले. ज्याच्या पंगतीला बसायचे, त्याला खलपुरुष कसे करावे?

राकीतिनला मात्र लेखकाने दयामाया दाखविलेली नाही. दुसऱ्याच्या मर्जीवर जगण्यातली मानहानी तो कडवटपणे बोलून दाखवितो आणि घराची शांती राखण्यासाठी निघून जातो. तुर्गेनेव्ह स्वतः दूर गेला तरी पुन्हा त्याच दारी आला. जे जगण्यात साधले नाही, ते त्याने पात्राकडून करवून घेतले. भक्तीने त्याची दृष्टी अधू केली असती, तर राकीतिन निर्माणच झाला नसता.

तरी हिशेब येथे मिटत नाही. एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीपासून झालेली आपली मुलगी पेलाग्या त्याने १८५० मध्ये, ती आठ वर्षांची असताना, व्हियार्दोंकडे धाडली. तिथे तिची ‘पोलिनेत’ झाली. हजेरी घेताना नाव जरा चुकले तरी मूल कसे खट्टू होते, हे मी वर्गात रोज पाहतो. इथे तर देश, भाषा आणि नाव, तिन्ही एकदम गेली. १८५८ मधल्या ‘आस्या’ या कथेची नायिकाही जमीनदाराला दासीपासून झालेली मुलगी आहे. आपण कोणत्या घरच्या, हा सल तिला सुखाने जगू देत नाही.

म्हणून ‘केवढे थोर प्रेम!’ एवढे म्हणून मला थांबवत नाही. आपल्या सुखाची किंमत तुर्गेनेव्हने स्वतः मोजली, तशी एका अजाण पोरीलाही मोजायला लावली. त्याचे मोठेपण हे, की लिहिताना त्याने दोन्ही रकमा मांडल्या, एकही लपविली नाही.