मावळचा विजय आणि दर्याचे विस्मरण

वडगाव मावळच्या लढाईविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक इष्टुर फाकडा आणि दुसरी तळेगावच्या तळ्यात इंग्रजांनी टाकून दिलेल्या तोफा. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्याला 'फाकडा' म्हणून मान देणारा हा मावळ प्रांत. वडगावात त्याची समाधी आजही दाखवितात. पुढे तळेगावची होळी, रात्रीची माघार, वडगावचा वेढा आणि १६ जानेवारीचा करारनामा. कथा आटोपशीर आहे आणि सांगणाऱ्याला यश देणारी आहे. आमचे गाऱ्हाणे कथेविषयी नाही. ती जेथून सांगितली जाते त्या जागेविषयी आहे. आमचा लेखक घाटमाथ्यावर उभा राहून पुण्याकडे तोंड करतो. त्याच्या पाठीशी असलेल्या समुद्राकडे तो क्वचितच वळून पाहतो.

लोणावळ्याहून राजमाचीच्या बाजूला उभे राहिले की खालचे कोकण दिसते. पनवेलची खाडी तेथून फार लांब नाही. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज होड्यांतून पनवेलला उतरली आणि बोरघाट चढून खंडाळ्यास आली. सुमारे चार हजार माणसे आणि त्यांच्या सामानाला १९,००० बैल. मराठ्यांनी या फौजेचा घाटाखालचा मार्ग तोडला, म्हणून ती अडचणीत आली. म्हणजे वडगावचा विजय हा पनवेलच्या धक्क्यापासून तोडलेल्या फौजेवरचा विजय होता. ज्या सैन्याचे धान्य गलबतातून येते, त्याची कथा गलबताशिवाय कशी पुरी होणार?

आणि ही फौज निघालीच का? रघुनाथरावाला गादीवर बसविणे हे कारण सर्वश्रुत आहे. पण त्यामागे आणखी एक भय होते. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ जहाजातून चौलला उतरला आणि पुण्यास दरबारात त्याचे स्वागत झाले. त्याची पत फार मोठी नव्हती, गप्पा मात्र मोठ्या होत्या. नाना फडणविसांनी त्याला किती खरे मानले हा वेगळा प्रश्न. इंग्रजांनी मात्र त्याला पुरेपूर खरे मानले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत साराटोगा येथे इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण गेला आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकन वसाहतींशी तह केला. फ्रेंच आरमाराला पश्चिम किनाऱ्यावर बंदर मिळाले तर काय, या धास्तीने कलकत्ता आणि मुंबई दोन्ही अस्वस्थ होती. अटलांटिक महासागरावर पेटलेल्या युद्धाची एक ठिणगी अशी बोरघाटात येऊन पडली. आमच्या शालेय पुस्तकांत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध एका धड्यात असते आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध दुसऱ्या. दोन्ही धडे शिकून मुले मोठी होतात, पण ही एकाच युद्धाची दोन अंगणे आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही.

या संदर्भात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे स्मरण अपरिहार्य आहे. बडोद्याची नोकरी संपल्यावर ते वडगावच्या शेजारीच कामशेतला येऊन राहिले आणि तेथेच १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. पेशवे दप्तराचे ४५ खंड ज्याने संपादिले, त्या माणसाविषयी आदर बाळगूनच पुढचे म्हणणे मांडावे लागते. 'मराठी रियासत' ही दप्तराची कन्या आहे. दप्तर पुण्याचे, लिहिणारे कारकून पुण्याचे, पत्रांत विचारपूस घोड्यांची, चौथाईची, कर्जाची. साहजिकच समुद्र त्यात येतो तो सुभेदारांच्या हिशेबातून किंवा आंग्र्यांच्या घरगुती कलहातून. आंग्रे आहेत, पण तांडेल नाही. गुराब आहे, पण तिचे शीड ओढणारे हात नाहीत. हा रियासतकारांचा दोष म्हणण्यापेक्षा साधनांची मर्यादा म्हणणे न्यायाचे होईल. त्यांच्यानंतरच्या लेखकांनी ती मर्यादाच इतिहास म्हणून स्वीकारली, हा मात्र दोषच होय.

द. ब. पारसनिसांनी 'मराठ्यांचे आरमार' लिहून एक वाट घालून दिली होती. पुढे भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमारावरील साक्षेपी ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो इंग्रजीत. ललित लेखनात तर समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला. कुसुमाग्रजांना 'विशाखा'मध्ये तुफानाला आव्हान देणारा दर्यावर्दी हवा होता, तेव्हा त्यांना कोलंबस आठवला. कविता थोर आहे याविषयी वाद नाही. तरीही मराठी कवितेचा सर्वांत प्रसिद्ध नाखवा जिनोव्हाचा असावा, विजयदुर्गचा नसावा, ही गोष्ट आम्हांला विचार करायला लावते.

अमेरिकेकडे पाहावे. फिलिप फ्रेनो हा कवी १७८० मध्ये इंग्रजांच्या हाती सापडला आणि न्यूयॉर्कजवळ नांगरलेल्या तुरुंगजहाजावर खितपत पडला. सुटल्यावर १७८१ मध्ये त्याने त्या जहाजावर दीर्घ कविता लिहिली. वडगावनंतर आठ महिन्यांनी, २३ सप्टेंबर १७७९ रोजी, जॉन पॉल जोन्सने 'सेरापिस' हे इंग्रज जहाज जिंकले आणि त्या झुंजीत त्याचे स्वतःचे जहाज बुडाले. फेनिमोर कूपरने 'द पायलट' ही कादंबरी या जोन्सवर बेतली. मेलव्हिलने १८५५ च्या 'इस्रायल पॉटर'मध्ये तीच झुंज पुन्हा रंगविली. यांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की कूपर तरुणपणी नौदलात होता आणि मेलव्हिल जहाजावर खलाशी होता. दोराचे घट्टे ज्याच्या हातावर पडले त्याच्याच हातात पुढे लेखणी आली.

आमच्याकडे हे दोन हात वेगळे राहिले. लेखणी ज्यांच्याकडे होती त्यांना सिंधुबंदी होती, आणि ज्यांना सिंधू मोकळा होता ते कोळी, भंडारी, गाबीत, दालदी, किरिस्तांव लेखणीपासून दूर होते. एवढ्या एका वाक्यात मराठी समुद्रसाहित्याच्या दारिद्र्याचे बरेचसे उत्तर येते असे आम्हांला वाटते.

बरेचसे म्हणतो, सर्व नव्हे. कारण आमच्या समाजाला हे निमित्त पुरते लागू पडत नाही. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यानंतर त्यांनी लंडनच्या आपल्या पित्याला जे पत्र लिहिले ते दर्यावर्दी जीवनाचे अस्सल चित्र आहे. वारा पडल्यावरची घुसमट, पाण्यावर दिसणारे पक्षी आणि गवत यांवरून किनाऱ्याचा अदमास, हिरड्या सुजून माणसे निकामी होण्याचा रोग. दीडशेहून अधिक आजारी आणि त्यांतले सत्तावीस मृत. ख्रिस्तपुराणावर आमच्या लोकांनी भरपूर लिहिले, ते योग्यच झाले. पण या कवीच्या पहिल्या गद्याकडे, तो समुद्रावर कसा पाहत होता याकडे, आमच्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिले नाही.

त्या पत्रानंतर दोनशे वर्षे लोटली तरी तो रोग हटला नव्हता. १७७४ ते १७८० या काळात इंग्लंडच्या नौदलात १,७५,९९० माणसे भरती झाली. त्यांपैकी लढाईत मेली १,२४३, रोगाने मेली १८,५४१ आणि पळून गेली ४२,०६९. लिंबाचा रस गुणकारी आहे हे जेम्स लिंडने १७५३ मध्येच लिहून ठेवले होते, पण नौदलाने तो सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये. हे आकडे आम्ही मुद्दाम देत आहोत. 'आरमारी पराक्रम' हा शब्द आपण तोफांच्या आवाजासह वापरतो. खलाशाचे मरण बहुधा तोफेचे नसे. ते जहाजाच्या पोटातल्या कोंदट अंधारातले असे, आणि त्याला थडगेही नसे.

आमच्या किनाऱ्यावरचे आरमार निराळ्या रीतीचे होते. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वारा पडला तरी चालणारे. किनारा सोडून ती महिनोन्महिने जात नसत. आगोटीला ओढून घ्यायची आणि नारळी पुनवेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक खोदून केलेली गोदी आहे, ती याच कामाची. १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या संगनमताने तुळाजी आंग्र्याचे आरमार जाळले, आणि आमची बहुतेक पुस्तके तेथेच मराठी आरमाराचे तेरावे उरकतात. प्रत्यक्षात त्याच विजयदुर्गावर पेशव्यांचा आरमारी सुभा पुढे नांदत होता आणि त्याचा सुभेदार आनंदराव धुळप होता. १७७५ मध्ये 'समशेरजंग' हे मोठे मराठी जहाज इंग्रजांशी लढताना दारूला आग लागून माणसांसह उडाले. कार्ल्याला पडलेला एक इंग्रज मावळच्या तोंडी दोन शतके राहतो आणि समशेरजंगावरची माणसे कोणाच्याच तोंडी नाहीत! शाहिरांनी पानिपत गाइले, अनंत फंदीने खर्डा गाइला. डफ घाटाखाली फारसा उतरलाच नाही.

धुळपांची सर्वांत गाजलेली झुंज ८ एप्रिल १७८३ ची. मुंबईहून निघालेले कंपनीचे 'रेंजर' हे जहाज त्यांच्या आरमाराने रत्नागिरीजवळ गाठले. रेंजरवर बारा तोफा आणि दक्षिणेतल्या फौजेकडे निघालेले मोठे लष्करी अधिकारी होते. काही तास लढून ते पडले. मेजर शॉ ठार झाला, मॅक्लाउड जखमी झाला आणि कर्नल हंबरस्टन विजयदुर्गावर ३० एप्रिलला जखमांनी मेला. आमचे लेखक या प्रसंगाला विजय म्हणून मिरवितात आणि इंग्रज लेखक त्याला चाचेगिरी म्हणतात. दोघांच्याही हातून मुख्य गोष्ट निसटते. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी ठरला होता आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी त्याच्या प्रती एकमेकांना दिल्या गेल्या होत्या. रेंजरवरचे रक्त तह झाल्यावरचे आहे.

आणि हे एकट्या कोकणात घडले नाही. बंगालच्या उपसागरात फ्रेंच आरमाराचा अधिपती सुफ्रेन आणि इंग्रजांचा ह्यूज यांच्यात दीड वर्षात पाच लढाया झाल्या. सुफ्रेन हा माल्टाच्या सेंट जॉन संघाचा सरदार होता. त्याची व्रते काहीही असोत, मिताहाराचे व्रत त्यांत नसावे असे त्याची चित्रे सांगतात. त्यांची शेवटची लढाई कडलोरपाशी २० जून १७८३ ला झाली. युरोपात प्राथमिक तह २० जानेवारीलाच झाला होता. पाच महिने तह जहाजातून येत होता आणि त्याची वाट न पाहता माणसे मरत होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची शेवटची आरमारी लढाई अशी तामिळ किनाऱ्यावर, निष्कारण झाली. रेंजर आणि कडलोर या दोन प्रसंगांना शेजारी ठेवून लिहिणारा मराठी कथाकार अजून यायचा आहे. तो आला तर त्याला विजय-पराजयाची भाषा बाजूला ठेवावी लागेल. युद्ध संपल्याची बातमी उशिरा पोहोचणे ही वीरकथा नव्हे. ती शोककथा आहे, आणि शोककथेचे सामर्थ्य मराठी लेखणीत निश्चित आहे.

लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचे यंत्रविद्येचे प्रशिक्षणकेंद्र आहे. 'शिवाजी' हे त्याचे नाव. समुद्रापासून दूर डोंगरावर तरुण खलाशी इंजिने शिकतात. या परिसरातल्या साहित्यिकाला समुद्राची ओळख करून घ्यायला कोकणात उतरण्याचीही गरज उरलेली नाही.

शेवटी, आमच्या वाचकांच्या घरातली गोष्ट. वसईकरांना १७३९ चा वेढा मुखोद्गत असतो. चिमाजी अप्पाची वसई कथा-कादंबऱ्यांतून, भाषणांतून सतत समोर येते. त्याच किल्ल्याला याच युद्धात जनरल गॉडार्डने पुन्हा वेढा घातला आणि ११ डिसेंबर १७८० रोजी तो घेतला, हे किती जणांना ठाऊक आहे? साष्टी तर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन डिसेंबर १७७४ मध्येच बळकावली होती. वडगावच्या करारात ती परत द्यायची ठरली, पण मुंबईकरांनी करार मानला नाही. मग सालबाईला निकाल झाला : वसई मराठ्यांना परत आणि साष्टी कायमची इंग्रजांकडे. ज्यांच्याकडे आरमार बलवान, त्यांच्याकडे बेट राहिले. मधे वसईची खाडी. दोन्ही तीरांवर एकाच श्रद्धेची, बरीचशी एकाच बोलीची माणसे. त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे ती दोन राज्यांत राहिली.

खाडीच्या दक्षिणेकडच्यांनी मुंबईच्या छायेत इंग्रजी जवळ केली आणि १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. उत्तरेकडचे बरेचसे मराठीत राहिले. या फरकाची इतर कारणेही आहेत. रेल्वे आहे, शाळा आहेत, धर्मप्रांतांची रचना आहे. पण पहिली रेघ सालबाईला ओढली गेली. आमच्या समाजाचा इतिहास लिहिणारे पोर्तुगीज काळावर दहा प्रकरणे लिहितात आणि १७७४ ते १७८२ एका परिच्छेदात ओलांडतात. हे त्रैमासिक मराठीत निघते आणि त्याचे पुष्कळ वर्गणीदार खाडीच्या उत्तरेला राहतात, या साध्या गोष्टीचा उगम त्या परिच्छेदात आहे.