छाया, संहिता आणि श्रवण

साहित्यकृतीचे दृश्यरूप म्हणजे कथानकाचे चित्रण, हे गृहीतक नलिनी मलानी (जन्म १९४६, कराची) यांच्या कलानिर्मितीने मोडीत काढले आहे. मुंबईत अकबर पदमसी यांच्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये १९६९ साली प्रायोगिक चित्रपटांपासून सुरू झालेला हा प्रवास अद्याप थांबलेला नाही. पोखरणच्या १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी मंटोंची 'टोबा टेक सिंग' ही कथा व्हिडिओ-मांडणीत आणली, तेव्हा संहिता आवाज झाली आणि वाचक साक्षीदार.

'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' (२०१२) मध्ये फिरत्या, रंगविलेल्या नळकांड्यांच्या छायांमध्ये महाश्वेतादेवींची द्रौपदी आणि क्रिस्टा वोल्फ यांची कॅसँड्रा एकत्र येतात. येथे प्रश्न उभा राहतो: द्रौपदी ही विशिष्ट आदिवासी बंडखोर स्त्री, मिथकाच्या सहवासात तिचे सामाजिक स्थान पुसट होऊन ती केवळ 'पीडिता' उरते काय? हा धोका खराच आहे. मात्र 'कॅन यू हिअर मी?' (२०१८-२०२०) या कठुआ येथील बालिकेवरील अत्याचाराचा संदर्भ असलेल्या ॲनिमेशन-मांडणीत शीर्षकच प्रश्न होऊन प्रेक्षकाकडे वळते. पीडितेच्या वतीने बोलण्यापेक्षा ऐकणाऱ्याचे उत्तरदायित्व येथे अधोरेखित होते. बहुमाध्यमी कलेच्या समीक्षेने तंत्राच्या नवलाईपाशी न थांबता या श्रवणाच्या नैतिकतेचा विचार केला पाहिजे.