धूळपाटी आणि चावडी : मराठी विकिपीडियातील दोन संज्ञांची चिकित्सा

कोशकार्यात नवख्याने प्रवेश कसा करावा, हा प्रश्न मराठीत आता निराळ्या स्वरूपात उभा आहे. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काय किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे आकारास आलेला मराठी विश्वकोश काय, दोहोंत लेखकाची निवड संपादक करीत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मात्र लेखक आपण होऊन दाखल होतो. त्याची पात्रता मागाहून, त्याच्या मजकुरावरून ठरते. अशा नवागताला पहिले वळण लावण्याचे काम तेथील संज्ञा करतात. त्यांपैकी दोन विशेष विचारणीय आहेत.

सरावाच्या पानास तेथे 'धूळपाटी' म्हणतात. पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरविण्याची जुनी रीत या शब्दाने जागी होते आणि चुकण्याचे भय कमी होते. संज्ञा समर्पक खरी, परंतु अर्धीच. धुळीतील अक्षर पुसले की नाहीसे होते. येथे पुसलेलेही पानाच्या 'इतिहासा'त उरते. म्हणूनच दुसऱ्याची चूक सुधारता येते, आणि म्हणूनच आपल्या प्रत्येक शब्दाचे उत्तरदायित्वही आपणावर राहते.

सामुदायिक चर्चेच्या पानास 'चावडी' हे नाव आहे. या संज्ञेवर गंभीर आक्षेप संभवतो. गावची चावडी ही पाटील-कुलकर्ण्यांच्या अधिकाराची जागा. तेथे सर्वांना सारखे आसन कधीच नव्हते. चावडीवर बोलावणे येणे म्हणजे धास्ती. परंतु याच शब्दाला 'चावडीवाचन' हा दुसराही प्रयोग जोडलेला आहे. दप्तरातील नोंदी लोकांसमक्ष मोठ्याने वाचावयाच्या आणि हरकत असल्यास ती तेथेच घ्यावयाची, हा त्याचा आशय. कोशाची चावडी या अर्थानेच सार्थ ठरते.

याचा प्रत्यय पलूस तालुक्यातील एका उदाहरणावरून येईल. किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानात वसली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला, त्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. पलूस तालुका तर १९९९ सालचा. एखाद्या जुन्या ग्रंथात किर्लोस्करवाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात असल्याचे आढळले, तर ते विधान चूक नव्हे, कालबद्ध होय. ते खोडून टाकणारा नवलेखक कोशाची हानी करतो. त्याला साल व आधार जोडणारा कोश समृद्ध करतो. 'आमच्याच गावचे, ठाऊक आहे' एवढा आधार येथे पुरत नाही. इतरांस पडताळता येईल असा प्रकाशित पुरावा लागतो. तद्वत 'औदुंबर' म्हणजे वृक्ष, याच तालुक्यातील कृष्णाकाठचे दत्तक्षेत्र की बालकवींची कविता, हा भेद स्पष्ट करणारी दोन वाक्येही आरंभास उत्तम.

नवे पान निर्माण केल्यावाचून लेखक होता येत नाही, ही समजूत म्हणूनच त्याज्य होय. साधार व सालासह लिहिलेले एक वाक्य आणि त्यावरील हरकत ऐकण्याची तयारी, एवढे भांडवल पहिल्या दिवसास पुरेसे आहे. जुन्या सदस्यांनीही त्या वाक्याकडे हरकत घेण्याजोगी नोंद म्हणून पाहावे, अपराध म्हणून नव्हे. अन्यथा चावडीचा जुनाच अर्थ बळावेल, आणि गावाविषयी ज्याला सर्वांत अधिक ठाऊक आहे तोच पायरीखाली उभा राहील.