इंग्रजी संभाषणातील अध्याहार : एक पुनर्विचार

'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा' ही सूचना शाळेपासून पदवी वर्गापर्यंत आपल्या विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही. लेखी उत्तरापुरती ती रास्तही आहे. परंतु हीच कसोटी बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीला लावली गेली की, शब्द गाळून बोलणे म्हणजे घाई, आळस किंवा अपुरे भाषाज्ञान असा ग्रह दृढ होतो. या ग्रहाची आणि त्याला नकळत आधार देणाऱ्या व्याकरणविचाराची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रथम संज्ञेचाच विचार करू. 'इलिप्सिस' ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ कमी पडणे, उणे राहणे. आपल्या परंपरेतील 'अध्याहार' या शब्दाचा अर्थ मात्र न उच्चारलेले पद आणून पुरविणे असा आहे. एक संज्ञा बोलणाऱ्याची उणीव दाखविते, तर दुसरी ऐकणाऱ्याची कृती. संभाषणाच्या दृष्टीने दुसरी संज्ञा अधिक नेमकी आहे, असे मला वाटते.

हॅलिडे आणि हसन यांच्या 'कोहीजन इन इंग्लिश' (१९७६) या ग्रंथाने या विषयाला शिस्त लावली, हे मान्य करावेच लागते. लोप म्हणजे एका पदाच्या जागी शून्य ठेवणे, अशी त्यांची मांडणी असून नाम, क्रियापद व उपवाक्य या तीन पातळ्यांवर त्यांनी त्याचे वर्गीकरण केले. तथापि त्यांचे लक्ष संहितेच्या अंतर्गत बांधणीकडे आहे. मागील वाक्यावरून भरून निघणारा लोप त्यांच्या कक्षेत येतो; समोरच्या परिस्थितीवरून उलगडणारा लोप ही बांधणी करीत नाही, म्हणून तो बाजूला पडतो. समोरासमोरच्या बोलण्यात मात्र हाच लोप पदोपदी भेटतो.

'हॅड लंच?' हे साधे उदाहरण घ्यावे. मराठीत 'जेवलास का?' असे विचारताना 'तू' गाळला तरी क्रियापदाच्या रूपात पुरुष व लिंग शिल्लक राहते. इंग्रजी 'हॅड' मध्ये असे काहीच उरत नाही. तरीही श्रोता गोंधळत नाही. कारण प्रश्न असेल तर गाळलेला कर्ता सामान्यतः 'यू' आणि विधान असेल तर 'आय' असतो. चढत्या सुरातील 'हॅड लंच?' आणि उतरत्या सुरातील 'हॅड लंच' यांतील कर्ता ठरतो तो कोण कोणाशी बोलत आहे यावरून. रूपाने सोडलेले काम येथे संवादातील भूमिका करतात. मराठीभाषक विद्यार्थ्याला अध्याहार अपरिचित नाही. परंतु तो बहुधा क्रियापदाच्या भरवशावर शब्द गाळतो, तर इंग्रजी बोलणारा समोरच्या माणसाच्या भरवशावर.

कार्टर आणि मॅकार्थी यांनी ब्रिटन व आयर्लंडमधील सुमारे ५० लाख शब्दांच्या ध्वनिमुद्रित संग्रहाच्या आधारे अशा रचनांना व्याकरणात स्थान दिले. त्यांच्या 'केंब्रिज ग्रामर ऑफ इंग्लिश' (२००६) मधील भूमिका अशी की, अशा उक्तीत वस्तुतः काहीही हरवलेले नसते. तरी 'लोप' ही संज्ञा त्यांनीही ठेवली आहे, आणि ती ठेवली की लिखित वाक्याचा मानदंड मागील दाराने परत येतोच.

संभाषण-विश्लेषकांनी प्रश्नच बदलला. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांच्या १९७४ च्या निबंधात एकटा शब्दसुद्धा बोलण्याची पूर्ण पाळी ठरू शकतो. फॉक्स आणि थॉम्पसन यांनी २०१० मध्ये 'कोठे', 'केव्हा' अशा इंग्रजी प्रश्नांची उत्तरे तपासली. साधे उत्तर पदसमूहातच येते. पूर्ण उपवाक्यातील उत्तर प्रश्नात किंवा त्याच्या संदर्भात काही अडचण असल्यास येते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 'व्हेन आर यू लीव्हिंग?' याला 'टुमॉरो' हे उत्तर प्रश्नकर्त्याच्याच वाक्यरचनेत आपला शब्द बसविते आणि प्रश्न आहे तसा स्वीकारते. 'आय अ‍ॅम लीव्हिंग टुमॉरो' मध्ये माहिती तीच. पण 'हे पूर्वीच सांगितले होते' किंवा 'हा प्रश्न आता कशाला?' असा ध्वनी त्यातून निघू शकतो.

याचा अर्थ प्रत्येक लोप स्नेहाचा असतो असा नव्हे. 'हाउ वॉज द ट्रिप?' यावर नुसते 'फाइन' म्हणून दार लावूनही घेता येते. शिवाय जी परिस्थिती नवागताला ठाऊक नाही तिच्या आधारे गाळलेले शब्द त्याला बाहेरच ठेवतात. तेव्हा लोपाचे मोल त्याच्या स्थानावरून ठरवावे लागते. विश्लेषकांच्या उत्साही अनुयायांना याचा कधीकधी विसर पडतो.

आपल्या तोंडी परीक्षांचा विचार येथेच अपरिहार्य होतो. 'विच इयर?' असे परीक्षक विचारतो आणि 'थर्ड' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला 'पूर्ण वाक्यात बोला' असे सांगतो. खुद्द परीक्षकाने प्रश्नात क्रियापद वापरलेले नसते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परीक्षकाला उत्तराच्या आशयाची गरज नसते, वाक्य ऐकावयाचे असते; त्यामुळे ती मागणी परीक्षेच्या चौकटीत समजण्याजोगी आहे. अडचण ही की, त्या गुणदानालाच आपण 'संभाषण कौशल्य' असे नाव देतो, आणि त्यात उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी मुलाखतीत प्रत्येक साध्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देऊ लागतो.